परवानगी घेतल्याची तक्रार

ती गल्ली आठवली की आजही माझं डोकं तापतं.

निवृत्तीच्या आधी मी लातूरच्या एका पोलीस ठाण्यात होतो. क्लासेसचा भाग; नायगाव, देगलूरकडची पोरं खोल्या शोधत फिरायची. ठाण्यात निनावी फोन येऊ लागले: अमक्या घरात बेकायदा बांधकाम चाललंय, तिथे भलतेच धंदे होणार आहेत. बीट अंमलदाराला घेऊन गेलो. घर एका निवृत्त नर्सबाईंचं. नवरा वारलेला, मुलगा पुण्यात. घर विकून तिकडे चला म्हणून मागे लागलेला. बाईंना जायचं नव्हतं. वरच्या मजल्यावर वेगळं स्वयंपाकघर, संडास बांधायचा, बाहेरून जिना घ्यायचा, ते मुलींना भाड्याने द्यायचं आणि खाली आपण राहायचं, एवढाच बेत. पालिकेची परवानगी, मंजूर नकाशा, सगळं रीतसर. मी हात जोडून परत आलो. फोन मात्र थांबेनात.

मग एका सकाळी बाईच ठाण्यात आल्या. नव्या जिन्याखालच्या टेकूच्या बल्ल्या कोणीतरी काढल्या होत्या आणि कच्चा जिना कोसळला होता. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. मुलाने फोनवर सांगून टाकलं होतं, "आता पुरे, घराला गिऱ्हाईक बघतो."

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, गल्लीतल्या एकेकाचा जबाब घेतला. सगळे सज्जन. कोणी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही. चहा मात्र घराघरांतून आला. पिऊन पिऊन मला पित्त झालं. बाहेर पडताना वर नजर गेली. प्रत्येक गच्चीवर पत्र्याच्या खोल्या, दोरीवर पोरांचे कपडे. मी अंमलदाराला मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "उद्या पालिकेचा इंजिनिअर बोलवा. अख्ख्या गल्लीचं मोजमाप होऊन जाऊ द्या."

दुपारी अख्खी गल्ली ठाण्यात हजर. पुढे बाईंच्या शेजारचे मास्तर, घामाघूम.

"साहेब, बल्ल्या म्याच काढल्या. आमच्या गल्लीत परवानगी कोण घेतंय का? गुपचूप बांधा म्हणून बाईला लई समजावलं, ऐकूनच न्हाई राहिल्या. त्यांचं मोजायला माणूस आला का आमचं बी दिसणार की!"

"आणि जिना कोणाच्या डोक्यात पडला असता तर?"

"पडंल असं वाटलं न्हाई, साहेब. काम लांबंल, येवढंच."

"फोन कोणाचे?"

"ते आम्ही पाळीपाळीनं केले. पोलीस बघून बाई काम थांबवतील म्हणून," मागून कोणीतरी म्हणालं.

मास्तरांना आत घेण्याची तयारी केली, तर बाईच आडव्या आल्या. "कोर्टात तडजोड करते, साहेब. जिना हे बांधून देतील."

माझा पारा चढला. "अहो, तुमचं घर जात होतं!"

"हाव ना. पन ऱ्हायचं तिथंच हाय मला. उद्या छातीत दुखलं तर पोरगा पुण्याहून येईस्तोवर मास्तरच दवाखान्यात नेतील."

चोराला निदान ठाऊक असतं की आपण चोरी करतोय. नियमाने वागणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणाऱ्या सभ्य माणसांचं काय करायचं, हे मला सबंध नोकरीत उमगलं नाही.

आता मी नांदेडला असतो. शेजाऱ्याने विनापरवाना अख्खा मजला चढवलाय, माझ्या खिडकीचं ऊन गेलं. रोज सकाळी तक्रार करायची ठरवतो. परवा बीपी वाढून मी कोसळलो, तेव्हा गाडी त्यानेच काढली.