आर्गॉन आधी, पोटॅशियम नंतर

१९५६ सालच्या फेब्रुवारीतला एक रविवार, सकाळी साडेनऊ. रक्कम पाच रुपये. हजर: मी, माझी बायको, आठवीतली आमची मुलगी आणि आमच्या डोक्यावरच्या खोल्यांत राहणारे तिचे शास्त्राचे मास्तर. जागा मुलुंडची, आमची बाहेरची खोली. मास्तर चपला न काढताच आत आले आणि मी त्यांना बसा म्हटलं नाही.

त्यांचं माझं आधीपासूनच पटत नव्हतं. त्यांची धोतरं न पिळताच दोरीवर पडत आणि पाणी आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या गाद्यांवर गळे. मी तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी ‘बघतो’ म्हटलं होतं. त्या दिवशीचं भांडण मात्र त्या पाण्याचं नव्हतं.

शाळेत मुलीला पहिल्या तीस मूलद्रव्यांचं कोष्टक करायला सांगितलं होतं. प्रत्येक मूलद्रव्याला एक घर. घरात वर क्रमांक, मधे नाव, खाली अणुभार. तिने दोन संध्याकाळी बसून ते केलं होतं, पट्टीने आखून, सुवाच्य अक्षरात. मी ऑफिसात हिशेब तपासनीस. दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे पाहायचे, चुकलेला आकडा लाल शाईने दुरुस्त करायचा, खाली ‘तपासले’ लिहून सही करायची, हे माझं काम. घरीही मुलीची वही माझ्या हाताखालून गेल्याशिवाय शाळेत जात नसे.

मी घरांतली खालची, अणुभारांची ओळ तपासत गेलो. हायड्रोजन एक, हेलियम चार, लिथियम सातच्या जवळ. आकडे चढत होते. सतरा घरं बिनचूक. अठराव्या घरात आर्गॉन, ३९.९. एकोणिसाव्यात पोटॅशियम, ३९.१. पुढे सत्ताविसाव्यात कोबाल्ट ५८.९ आणि अठ्ठाविसाव्यात निकेल ५८.७. तीस नोंदींत दोन जोड्या उलट्या. मी लाल शाईने दोन्ही जोड्यांतली नावं आणि अणुभार आपसांत बदलले आणि सही केली.

“अण्णा, फळ्यावर असंच होतं,” मुलगी म्हणाली.

“फळ्यावर लिहिणाऱ्याला चढता क्रम येत नसेल.”

“अण्णा, पण ते तसं नसतं. ते—”

“शाईने दुरुस्त झालंय. आता खाडाखोड करू नकोस.”

तिला पुढे बोलू दिलं नाही. वही तशीच शाळेत गेली आणि शनिवारी परत आली. दहापैकी शून्य, आणि शेजारी शेरा: ‘तपासनिसांना वर्गात बसवावे.’ मास्तरांनी वही उंच धरून ‘तपासले’ हा शब्द आणि माझी सही वर्गाला दाखवली होती. मधल्या सुट्टीत मुली तिला ‘काय तपासनीस’ म्हणून हाका मारू लागल्या. ती घरी आली आणि माझ्याबरोबर जेवायला बसली नाही.

मी वर चिठ्ठी पाठवली: ‘आपण शिकवता त्या कोष्टकात दोन उघड चुका आहेत. लेखी खुलासा करावा.’ त्याचं उत्तर म्हणून मास्तर रविवारी स्वतः खाली आले.

“लेखी खुलासा?” ते दारातूनच म्हणाले. “मी तुमच्या ऑफिसातला कारकून आहे का हो?”

“असता तर केव्हाच घरी बसला असता.”

“तीस वर्षं आकडे मोजताय, आणि कशाचे मोजताय ते एकदाही विचारलं नसेल तुम्ही.”

“चाळीसच्या आधी एकोणचाळीस येतात. हे विचारायला लागत नाही. मी चुकलो असेन तर पाच रुपये देतो. तुम्ही चुकला असाल तर तुम्ही द्या. आणि मुलीला तुमच्या विषयाला पाठवणार नाही.”

हे शेवटचं वाक्य बोलायचं मी ठरवलं नव्हतं. आठवीच्या अखेरीला मुलींनी शास्त्र किंवा गृहशास्त्र निवडायचं असे. तो फॉर्म आठवडाभर फळीवर पडून होता, माझ्या सहीसाठी. द्यायची मुदत दुसऱ्या दिवशीची. मुलीला शास्त्र हवं होतं, दिवाळीपासून ती दुसरं बोलत नव्हती.

“अहो, तुमच्या पैजेत पोरीला कशाला ओढताय?” बायको म्हणाली.

मास्तर मुलीकडे वळले. मला वाटलं, ते आता समजावून देतील. त्यांनी तसं केलं नाही.

“मी एकदा वर्गात शिकवलंय. दुसऱ्यांदा फुकट शिकवत नाही. ही सांगेल. हिला सांगता आलं नाही तर मी शिकवण्यात कमी पडलो. मग पाच रुपये माझे, आणि खुशाल धाडा हिला पोळ्या लाटायला.”

दोघा मोठ्या माणसांनी मिळून तिला कोंडीत धरलं होतं. तिने आमच्यापैकी कुणाकडेच पाहिलं नाही. माझ्याच चिठ्ठीचा कागद मास्तरांच्या हातातून घेतला, उलटा केला आणि पेन्सिल घेऊन जमिनीवर बसली.

“अण्णा, घराचा नंबर वजनावरून पडत नाही. अणूच्या मधे केंद्रक असतं. त्यात प्रोटॉन किती, तो नंबर. आर्गॉनमधे अठरा, पोटॅशियममधे एकोणीस. बाहेर इलेक्ट्रॉन तेवढेच फिरतात, पण त्यांचं वजन जवळजवळ नाहीच.”

“मग जास्त प्रोटॉनवाला हलका कसा?”

“केंद्रकात न्यूट्रॉनपण असतात. वजन दोघांचं मिळून. बघा.” तिने लिहिलं: अठरा अधिक बावीस, चाळीस. एकोणीस अधिक वीस, एकोणचाळीस.

दोन्ही बेरजा बरोबर होत्या. मी तरी सोडलं नाही.

“मग ३९.१ मधला तो पॉइंट एक कुठला? न्यूट्रॉन काय कापून घालतात?”

मास्तर मोठ्याने हसले. ती थांबली. वीसच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढत राहिली. मास्तरही हसायचे थांबले. ती अडली असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं बरं वाटलं.

“पोटॅशियमचे सगळे अणू सारखे नसतात,” ती हळूहळू म्हणाली. “प्रोटॉन सगळ्यांत एकोणीसच. न्यूट्रॉन बहुतेकांत वीस, पण थोड्यांत बावीस. म्हणून सरासरी एकोणचाळीसच्या जरा वर जाते. आर्गॉनमधे थोडे हलके अणू असतात, म्हणून ती चाळीसच्या जरा खाली येते. आणि कोष्टकात सारख्या गुणांची मूलद्रव्यं एकाखाली एक येतात. तुम्ही केलंय तसं लावलं, तर आर्गॉन सोडियमच्या खाली येतो. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो, पोटॅशियमही घेतो. आर्गॉन कशाशी काहीच करत नाही. तो त्या रांगेत कसा बसेल?”

“म्हणजे कोष्टक बरोबर दिसावं म्हणून आकडे मागेपुढे करायचे?”

“आकडे कुणीच मागेपुढे केले नाहीत, अण्णा. वरची ओळ एक ते तीस नीट चढते. तुम्ही खालची ओळ तपासलीत. आणि मला विचारलं नाहीत.”

मी वही घेतली आणि वरची ओळ पाहिली. क्रमांक मी पाहिलेच नव्हते. ऑफिसात अनुक्रमांक कुणी तपासत नाही, तो कारकुनाने ओळीने घातलेला असतो. इथे तो मोजलेला होता.

मी पाचाची नोट काढून पुढे केली. मास्तर नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी ती घेतली, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकली.

“पावती हवी का?”

“नको. निघा.”

ते गेले. जाताना मुलीला शाबास म्हटलं नाहीच, वहीतलं शून्यही तसंच ठेवलं. बायकोने फळीवरचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मी शास्त्रापुढे खूण करून सही केली. मुलीने शाई वाळायच्या आत तो उचलला.

“यापुढे वही मी तुम्हाला दाखवणार नाही,” ती म्हणाली. शाळेचं शिक्षण संपेपर्यंत तिने ती दाखवली नाही. मास्तरांशी मी नंतर कधीच बोललो नाही, त्यांनीही प्रयत्न केला नाही.

एकूण गेले ते असे: पाच रुपये मास्तरांना, आणि सोमवारी तीन रुपये प्रयोगशाळेची अनामत म्हणून शाळेच्या कारकुनाला. ते मुलीने स्वतः नेऊन भरले.