पासलीच्या आबांना, रागासकट

आबांनी विडी सोडली नव्हती.

हे मला आज सकाळी कळलं. त्यांच्या दहाव्याला, नदीवर, सगळ्या भावकीसमोर. म्हणून लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी नर्स. सरकारी नोकरीतून रिटायर झाले, पण भोर-वेल्ह्यातल्या कॅन्सरच्या पेशंटकडे घरी जाणं थांबवलं नाही. आबा पासलीचे. भातशेती, बैलजोडी आणि फुप्फुसाचा कॅन्सर.

पुण्याला केमो झाली. मग डॉक्टर म्हणाले, आता आहे तेवढं नीट जगू द्या.
ते ‘नीट’ माझ्याकडे आलं.

धाप लागली की पुढं वाकून कसं बसायचं, गरम चहावर फुंकर घालावी तसा श्वास हळू कसा सोडायचा, हे शिकवलं. आणि पहिल्याच दिवशी विडीचं बंडल मागून घेतलं.

“आता सोडून काय हुनार, सिस्टर? गाडी तर सुटलीच की.”

“म्हणून स्टँडवर झोपायचं का? राहिलेला श्वास तरी सुखाचा घ्या.”

हसले. बायकोला म्हणाले, “लई कडक बाई हाय.”

तलफ फार वेळ टिकत नाही, तेवढा वेळ हात गुंतवून ठेवा, असं मी सांगितलं. ते वाखाची दावी वळायला लागले. मी गेले की बैलाचं नवं दावं पुढं करायचे.
“ही बगा. ह्या आठवड्याची तलफ.”

ती दावी मी गाडीत घालून गावोगाव फिरले. जो पेशंट ‘जमत नाही’ म्हणेल, त्याच्यासमोर टाकायची आणि आबांना फोन लावून स्पीकर ऑन करायचा.

“मला जमलं, तुमाला का न्हाई?” आबा म्हणायचे. आणि खोकायचे.

प्रत्येक पेशंटला सांगते ती एक गोष्ट मी त्यांनाही पुन्हा पुन्हा सांगितली होती. परत ओढलीत तर सांगा. मी भांडणार नाही, पहिल्यापासून सुरू करू. पाय सगळ्यांचाच घसरतो. पण लपवलंत तर मला औषधच कळणार नाही.

“तुमच्यापास्नं काय लपवायचं?” असं म्हणाले होते.

पावसाळ्यात धाप वाढली. मला कारण सापडेना. घरात चूल होती. मी त्यांच्या बायकोला, पारूबाईंना, चांगलंच झापलं.
“तुमच्या धुरानं त्यांचा जीव जातोय.”
चूल पडवीत न्यायला लावली.

वेल्ह्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांनाच कळेल. बाई पाठीवर घोंगडी घेऊन, झड चुकवत भाकऱ्या थापत होती.


आज पिंड ठेवला. कावळा येईना.

पुतण्या दत्ता, ज्याची मार्गासनीला चहाची टपरी आहे, हळूच म्हणाला, “विडी ठिवा की. त्याबिगर न्हाई शिवायचा.”

मुलगा संतोष पुटपुटला, “गप. सिस्टर हैत हितं.”

मी म्हणाले, “त्यांनी सोडली होती. ठेवू नका.”

सगळे खाली बघायला लागले.

मग पारूबाई बोलल्या. “ठिव रं दत्ता. आता कुणाला फसवायचं?”

दत्ताने खिशातून बंडल काढलं आणि एक विडी पिंडाशेजारी ठेवली.

कावळा शिवला. लगेच.

कावळ्यालासुद्धा माहीत होतं. फक्त मला नव्हतं.

मग एकेक बाहेर आलं. माझी लाल गाडी मार्गासनीतून पुढं गेली की दत्ताचा फोन जायचा, “सिस्टर निघाल्या.” आबा चूळ भरायचे, सदरा बदलायचे, बडीशेप खायचे.

“आणि ती दावी?” मी विचारलं.

“वळायचे की त्ये,” पारूबाई म्हणाल्या. “तोंडात विडी धरून.”

मागं कुणीतरी हसलं.

“चूल हलवली तेव्हा तरी बोलायचं होतं.”

“शपत घातली व्हती. म्हनायचे, सिस्टरला कळलं तर त्या यायच्या बंद व्हतील. मंग माझं कोन बगनार?”

मी का बंद झाले असते? ओढणाऱ्यांकडेच तर जाते मी.

घरात ऑक्सिजनचं मशीन बसवलं तेव्हा बजावलं होतं, इथं काडी पेटली तर घर पेटेल. मान डोलावली होती. आज संतोष सांगतो, तेव्हापासून गोठ्यात जायचे.

तो म्हणतो, गाव मायेपोटी खोटं बोललं. मला ती माया नको होती. मला त्या धापेचं खरं कारण हवं होतं.

आबांच्या घरून मशीन गाडीत घातलं आणि तशीच किकवीला गेले. तिथं बाळूभाऊ आहेत. जन्मभर ट्रक चालवला, आता आबांचाच आजार. आबांच्या फोनवर विश्वास ठेवून त्यांनी सिगारेट बंद केलेली.

मशीन उतरवायच्या आधीच त्यांनी विचारलं, “आबांनी शेवटपर्यंत नाही ना ओढली?”

‘नाही’ म्हणणं सोपं होतं. किती सोपं, ते सकाळी एका अख्ख्या गावाने दाखवलंच होतं.

“ओढली,” मी म्हणाले. “शेवटपर्यंत. मला फसवून.”

 बाळूभाऊ बायकोला म्हणाले, “तू जरा चहा टाक.”

ती आत गेल्यावर म्हणाले, “मंग सिस्टर, माझं बी एक ऐका. भांडनार न्हाई म्हनला व्हता.”

ऐकलं. भांडले नाही.

आबा, विडीचा राग केव्हाच गेला असता. खोट्याचा गेलेला नाही. पारूबाईंना पावसात बसवलंत, त्याचा तर नाहीच.
आता कुठं असाल तिथं श्वास मोकळा असू दे. या सिस्टरचा शेवटचा नमस्कार.

आज किकवीला दिलं: ऑक्सिजनचं मशीन, नवी नळी, मशीनला लावायची पाण्याची बाटली.
बाळूभाऊंकडून घेतलं: सिगारेटचं पाकीट, अर्धं. लायटर.