वरच्या फळीवरचं पाणी

भाच्यानं नांदेडला, नायगाव रस्त्याला, गॅरेज काढलं. गिऱ्हाईक भरपूर आलं, पण सामान कुठं ठेवायचं याचा पत्ता नव्हता. ट्रॅक्टरचं, पिकअपचं, ऑटोचं सगळं एकाच ढिगात पडायचं. ब्रेकचे लायनर आणायला गेलेला माणूस बराच वेळ खुडबुड करून हातात ऑइल फिल्टर घेऊन परत यायचा. शेवटी भाच्यानं मला लातूरहून बोलावून घेतलं.

"मामा, तुमचा जन्म गॅरेजात गेला. या भिंतीला रॅक कशा करायच्या तेवढं सांगा."

मी म्हणालो, "तुझ्या घरात माझ्यापेक्षा जाणता माणूस आहे. त्यांना विचार."

जाणता माणूस म्हणजे त्याचे वडील, माझे दाजी. मूळचे देगलूरचे, वेल्डिंगच्या कामात हात बसलेले. ते दारापाशीच खुर्ची टाकून बसले होते.

भाचा हसला. "आण्णा? आण्णांनी दारं केली, गेटं केली, ट्रॉल्या केल्या. रॅक म्हटलं की उठून जातात."

"माझी मांडणी पडलेली हाय," दाजी बाहेरूनच म्हणाले. रॅकला ते स्वयंपाकघरातल्यासारखं मांडणीच म्हणत. "एका माणसाचा पाय अधू झाला तिच्यापायी. असल्या माणसाला काय विचारून राहिलास?"

आपल्याला शुगर आहे असं सांगावं तितक्या साधेपणानं ते हे बोलले. मला मात्र तिथं उभं राहवेना. त्यांची मांडणी पडली नव्हती. ती मी पाडली होती, आणि हे माझ्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. दाजी आता थकलेत. मांडणी आपल्यामुळंच पडली असं मनाशी धरून ते गेले असते, तर खरं काय ते मी कुणाला सांगणार होतो?

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि तिथं माझं गॅरेज होतं, तेव्हाची ही गोष्ट. रोज एखाद्या नव्या कचेरीची पाटी लागायची आणि प्रत्येक पाटीमागं एक जुनी जीप असायची. उस्मानाबादेनं वाटणीत दिलेल्या त्या जीपगाड्या म्हणजे सासरी पाठवलेली आजारी पोर, असं आमचा मिस्त्री म्हणायचा. वर पाऊस गेलेला. गावोगाव पाण्याचे टँकर चालू झाले, खराब रस्त्यांवर त्यांचे स्प्रिंगचे पाटे तुटू लागले आणि तेही आमच्याच दारात उभे राहू लागले. कामाला तोटा नव्हता. तोटा होता तो सामान सापडण्याचा.

म्हणून मी दाजींना देगलूरहून बोलावलं. आल्याबरोबर कामाला लागतील असं मला वाटलं होतं. पण ते पहिला सगळा दिवस एका टायरवर बसून राहिले. चहा प्यायचे आणि बघायचे. कोण कुठल्या कोपऱ्यात जातो, कशासाठी वाकतो, काय शोधताना शिव्या घालतो.

मिस्त्री मला म्हणाला, "मालक, तुमचे दाजी कामाला आलेत का मुलगी बघायला?"

दाजींनी तिथूनच उत्तर दिलं, "मुलगीच बघून राहिलो. तुझ्या हातात द्यायची हाय, म्हणून जरा जास्त बघतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंत मोजली. टेप खिशात असूनही ते आधी वितीनं मोजत आणि मोजताना तेलुगूत आकडे म्हणत, "ओकटी, रेंडू, मूडू..." मग खडूनं जमिनीवर आखलं. पाटे आणि गिअरबॉक्स अगदी खाली, जमिनीला टेकून. रोज लागणारं सामान कंबरेच्या उंचीला, म्हणजे वाकायला नको आणि हात उंचवायला नको. सगळ्यात वर हलकं सामान.

"वर काय ठेवणार?" त्यांनी मला दोनदा विचारलं.

"ट्यूबा, पट्टे, गास्केटं. बॅटरीच्या पाण्याचे दोन-चार कॅन."

"नक्की?"

"नक्की."

ते दोनदा का विचारत होते तेही त्यांनी सांगितलं होतं. जागा भाड्याची होती आणि घरमालक भिंतीला भोक पाडू देत नव्हता. मांडणी भिंतीत न बांधता नुसती उभी राहणार होती. "खाली जड, वर हलकं, तरच ही उभी ऱ्हाईल," ते म्हणाले. मी मान डोलावली. मला समजलं नव्हतं असं नाही.

मांडणी झाली आणि गॅरेजचं रूप बदललं. डोळे झाकून हात घातला तरी हवी ती वस्तू हाती यायची. दोन गॅरेजवाल्यांनी दाजींना आपल्याकडं बोलावलं. ते खुशीत देगलूरला गेले. लातुरात बिऱ्हाड करावं, इथंच वेल्डिंगचं शेड टाकावं, असं जाण्याआधीच त्यांचं आणि अक्काचं बोलणं झालं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती तेव्हा माझ्याच घरी होती, कारण माझ्या बायकोचं बाळंतपण नुकतंच झालं होतं. बायकोच्या माहेरची विहीर आटली होती, म्हणून पहिलटकरीण असूनही ती सासरी राहिली. मुलगी झाली. घरातलं पाणी मात्र मोजून वापरावं लागत होतं. अक्का दोन्ही पाय पसरून, पायांवर बाळाला पालथं घालून न्हाऊ घालायची आणि खाली ठेवलेल्या परातीतलं पाणी भांड्यांना पुन्हा वापरायची.

आमच्याकडं टँकर दुरुस्तीला आला की त्यात तळाला थोडं पाणी राहिलेलं असायचं. खाली जॅक लावण्याआधी ते काढून घ्यावं लागे. ते आम्ही पिंपांत धरायचो. पण गॅरेजात येणारा जो तो त्यात तांब्या बुडवायचा. एका ड्रायव्हरनं त्यात पाय धुतलेले मी डोळ्यांनी पाहिले आणि माझं डोकं फिरलं.

अमावस्येला आमच्याकडं गॅरेज बंद. त्या दिवशी लोखंडाला कुणी हात लावत नाही. अशाच एका अमावस्येला एक ओळखीचा टँकरवाला आला. त्याचा टँकर तळाशी गळत होता आणि आत निम्मं पाणी होतं. खरं म्हणजे ते कुठल्या तरी गावाचं पाणी होतं. तो म्हणाला, रस्त्यात सांडायचंच आहे, धरा तुम्ही. आम्ही दोघांनी दोन रिकामी पिंपं मांडणीच्या वरच्या फळीवर चढवली आणि पंपानं तिथंच भरली. एका पिंपाला रबरी नळी लावून मी ती खाली सोडली. चिमटा काढला की धार लागायची. सगळ्या शहरात नळ कोरडे असताना माझ्या गॅरेजात नळाला पाणी होतं! मी घरी दोन बादल्या भरून नेल्या आणि अक्काला म्हणालो, "आज पोरीला भरपूर पाण्यानं न्हाऊ घाल." माझी छाती फुगली होती. पाणी इतकं मोलाचं झालं होतं, की त्याला वजन असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री सगळ्यांच्या आधी आला. धूळ बसू नये म्हणून मांडणीच्या वरच्या खणांपुढं गोणपाट टांगलेलं होतं, त्यामुळं वर काय आहे ते त्याला दिसलं नाही. त्यानं खालचा पाटा बाहेर ओढला. मी दारातच होतो. मला मांडणीचा उभा लोखंडी अँगल वाकताना दिसला, आणि मग अख्खी मांडणी पुढं आली.

मिस्त्रीचा पाय तिच्याखाली सापडला. शेजारची माणसं धावत आली, लोखंड उचललं आणि त्याला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मी मागं राहिलो. ती दोन पिंपं उलटून रिकामी झाली होती; घाईत कुणाचं तिकडं लक्ष गेलं नव्हतं. ती मी लोळवत नेऊन बाहेरच्या पिंपांत मिसळून ठेवली. टँकरचं पाणी गॅरेजात नेहमीच सांडलेलं असायचं आणि बॅटरीच्या पाण्याचे कॅनही पडलेले होते, त्यामुळं ओल्या जमिनीबद्दल कुणी काही विचारलं नाही. लोकांना दिसला तो मांडणीच्या वेल्डिंगचा सुटलेला टाका.

"देगलूरवाल्याचं वेल्डिंग कच्चं," असं लोक म्हणाले. टँकरचं पाणी साठवल्याचं बाहेर पडलं असतं, तर सरकारी गाड्यांचं काम हातचं गेलं असतं. मी गप्प बसलो. तो टँकरवाला पुन्हा आमच्याकडं फिरकला नाही, त्यामुळं त्यालाही काही कळलं नाही. आधी वाटलं दोन दिवसांनी सांगू. मग दाजी आले, तो टाका सुटलेला अँगल हातात धरून बघत राहिले, आणि मग सांगणं आणखी अवघड झालं. ते मिस्त्रीच्या खाटेशी जाऊन बसायचे. अक्का डबा करून द्यायची. एकदा मी दारात असताना दाजींनी मिस्त्रीपुढं हात जोडलेले मला दिसले. मी मागच्या मागं परतलो.

मिस्त्री बरा झाला, पण लंगडतच चालायचा. आता तो नाही. त्याच्यापुढं उभं राहायचं माझ्याकडून राहूनच गेलं. लातुरात शेड टाकायचं बोलणंही तिथंच संपलं.

हे सगळं मी त्या दिवशी भाच्याच्या गॅरेजात, दाजींच्या समोर बसून सांगितलं. अक्का घरून चहा घेऊन आली होती, तीही उभ्याउभ्या ऐकत राहिली.

दाजींनी आधी एकच विचारलं, "अँगल आधी वाकला, का टाका आधी सुटला?"

"अँगल आधी वाकला. टाका पडल्यावर सुटला."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

ते आपल्या तळहातांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तेव्हापासनं मी एका जागी दोन टाके घालून राहिलो. लोक हसायचे, देगलूरवाला वेल्डिंगचे रॉड खातो का काय म्हणून." त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "मी त्या मिस्त्रीपुढं हात जोडले रे. ते तुझ्या वाटचे होते."

 

अक्कानं चहाचा ट्रे खाली ठेवला. "म्हंजे त्या दिवशीचं पाणी ते व्हय? पोरीला दोन बादल्यांनी न्हाऊ घातलं मी. लई हसत होती त्या दिवशी." तिनं पदरानं डोळे टिपले आणि माझ्यावर डाफरली, "तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती का रे इतकी वर्षं? घरात येत होतास, जेवून जात होतास!"

"अक्का, चुकलो मी."

"मला नको सांगू. त्यांना सांग."

मी दाजींच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. मला वाटलं, संपलं आता. पण ते खुर्चीचे हात धरून उठत होते, म्हणून पाय मागं घेतले होते. ते आत गेले, भिंतीपाशी उभे राहिले आणि भाच्याला म्हणाले, "खडू आण."

भाचा माझ्याकडं बघतच राहिला. दाजींनी भिंतीवर वीत टेकवली. "ओकटी. रेंडू. मूडू..." वीत अजूनही चुकत नव्हती. ते आकडे मी लातूरनंतर पहिल्यांदाच ऐकत होतो.

पाटे खाली. फिल्टर, लायनर कंबरेला. ऑटोचं सामान दाराच्या बाजूला, कारण ऑटोवाले घाईत असतात. ही भिंत स्वतःची होती, म्हणून भोकं पाडून मांडणी भिंतीला बांधायची असं त्यांनी तीनदा सांगितलं. सगळ्यात वर त्यांनी खडूनं एक तिरकी रेघ ओढली.

"आण्णा, ही फळी वाकडी आली," भाचा म्हणाला.

"वाकडी न्हाई, उतरती हाय. छपरावाणी."

"उतरतीवर काय ठेवणार?"

"कायबी ठेवता येऊ नये म्हणून तर उतरती," दाजी म्हणाले. "तुझा मामा इथं येत-जात ऱ्हाणार हाय."

अक्का तोंडाला पदर लावून हसू लागली. दाजी हसले नाहीत. त्यांनी खिशातून टेप काढला, त्याचं टोक ओढलं आणि माझ्याकडं न बघताच मागं धरलं. मी पुढं होऊन ते हातात घेतलं.

लातुरात ज्यांना ती पडलेली मांडणी अजून आठवत असेल, त्यांच्यासाठी हे लिहिलं. टाका पक्का होता.