माझी वयाने मोठी भाची

माणसं जोडायची इतकी हौस आणि ती जोडण्यात इतकं सपशेल अपयश, ही दोन्ही अंगावर बाळगून हसतमुखाने हिंडणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझी भाची लागते. लागते म्हणजे तिनेच ते नातं लावलं. पुण्याला विद्यापीठाच्या होस्टेलवर माझ्या वाट्याला आलेल्या खोलीचं दार मी उघडलं, तेव्हा ती कॉटवर मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. नाव विचारायच्या आधी तिने मला गाव विचारलं. मी म्हटलं, लोणी. "आंबेगावातलं ना? मंग तू लांबची न्हाईस," असं म्हणून तिने माझं आडनाव, आजोळ, थोरल्या चुलतीचं माहेर आणि धाकट्या आत्याचं सासर अशी चौकशी सुरू केली. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत, मध्येच "थांब, थांब" करत दहा मिनिटांत तिने निकाल दिला. निमगाव साव्याच्या तिच्या घराण्यातली कुणी सून आणि माझ्या चुलत्यांचे कुणी साडू अशी ती साखळी होती. मला ती आजही पाठ नाही, पण तिच्या शेवटी मी तिची आत्या निघाले. मी म्हटलं, "अगं, तू तीन महिन्यांनी मोठी आहेस माझ्यापेक्षा." "आसंना का. वय येगळं, मान येगळा," ती म्हणाली आणि वाकून माझ्या पाया पडायला लागली. मी चपलांसकट कॉटवर चढले.

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी तिचा रागच आला होता. मी लोणीहून निघाले ती गाव मागे टाकायचं ठरवूनच. आरशासमोर उभी राहून 'हाय' म्हणायची तालीम केली होती, नवी जीन्स घेतली होती, आणि पहिल्याच दिवशी माझ्या नशिबी काय, तर भाची. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात आम्ही बावीस जणी, सगळ्या मुलीच. त्यांतल्या वीस जणींना एकमेकांशी कसं बोलायचं ते आधीपासूनच ठाऊक होतं. उरलेल्या दोघी आम्ही. मी कोपऱ्यात बसून कुणी बोलेल का याची वाट बघायची, आणि ती कुणी बोलायची वाटच बघायची नाही. सकाळी साडेआठच्या लेक्चरला येणाऱ्या प्रत्येक मुलीला ती दारातच विचारायची, "जेवलीस का?" एका मुलीने बिचारीने समजावून सांगितलं की ती सोळा तास काही खात नाही. भाचीने आदराने विचारलं, "कोणत्या देवाचा उपास गं?" दुसरीला तिने मूळ गाव विचारलं. ती म्हणाली, कोथरूड. आजोळ? तेही कोथरूड. वडिलांचं आजोळ? कर्वेनगर. त्या रात्री भाचीला जेवण गेलं नाही. "आत्या, त्या पोरीला गावच न्हाई गं. सुट्टीत जात कुठं आसंल?" आमच्या सरांनाही तिने सोडलं नाही. पहिल्या तासाला त्यांनी "काही शंका?" असं विचारलं, तेव्हा हिने उभं राहून विचारलं, "सर, तुमी पारनेरचे का? तुमच्या बोलण्यावरनं वाटलं." सर पारनेरचेच निघाले, पण वर्ग आठवडाभर हसत होता.

तिच्या भेटवस्तूंचीही तीच गत. दर पंधरवड्याला ती घरी जायची आणि येताना पोतंभर कोथिंबीर आणायची. होस्टेलवर चहा करायलासुद्धा परवानगी नव्हती, पण प्रत्येक दारात एकेक हिरवीगार जुडी ठेवलीच पाहिजे. त्या जुडीचं काय करावं हे कुणालाच कळायचं नाही. एकीने ती पाण्याच्या बाटलीत खोचून खिडकीत फुलदाणीसारखी ठेवली. प्रॅक्टिकलच्या मॅडमनी मात्र दोन मागून घेतल्या, आणि भाची दिवसभर त्या आनंदात होती. बिबट्याचंही तसंच. दिवेलागणीनंतर ती मोबाइलवर मोठ्याने भजनं लावल्याशिवाय बाहेर पडायची नाही. आमच्याकडे उसाकडेने जाताना सगळे तसंच करतात, आवाज असला की बिबट्या बाजूला होतो. विद्यापीठात झाडी दाट, म्हणून हिने नियम इथेही चालू ठेवला. लायब्ररीच्या शिपायाने तिला एकदा अभंगासकट बाहेर काढलं. तिच्या बिबट्याच्या गोष्टी ऐकायला मुली खरोखर गोळा व्हायच्या, डोळे मोठे करून ऐकायच्या. पण गोष्ट रंगात आली की ही मध्येच थांबून विचारायची, "तुझ्या मामाचं गाव कोणतं म्हनालीस?" आणि मैफल मोडायची.

पण आमचं खरं नुकसान झालं ते बोलावण्यापायी, आणि त्यात दोष तिच्याइतकाच माझा. आमच्याकडे जेवणाचं आवतण सकाळी देऊन जातात, पण तेवढ्यावर कुणी जात नाही. पानं मांडली की घरातलं कुणीतरी पुन्हा दारात येऊन "चला, ताटं वाढलीत" म्हणतं, ते बोलावणं. आवतण आलं पण बोलावणं आलं नाही आणि तरी माणूस गेला, तर तो हावरट ठरतो. पहिल्याच आठवड्यात वरच्या वर्गातल्या मुलींनी सगळ्यांना सांगितलं, संध्याकाळी सात वाजता कॅन्टीनमध्ये या, ओळखी करून घेऊ, चहा-समोसे आहेत. आम्ही दोघी साडेसहापासून तयार होऊन बसलो. मी जीन्समध्ये, ती अबोलीच्या गजऱ्यात. साडेसात झाले, आठ झाले. "जायचं का?" मी विचारलं. "बोलावनं कुठं आलंय?" ती म्हणाली, आणि मलाही ते पटलं. साडेआठला आम्ही शेंगा खाऊन निजलो. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांची एकमेकींशी ओळख झालेली होती, टोपणनावंसुद्धा पडली होती, आणि आमच्याविषयी मत झालं होतं की त्या दोघींना कुणात मिसळायचं नाही. असं तीनदा घडलं, तेव्हा कुठे मला उमगलं की इथे बोलावणं येत नसतं. तिला मी ते सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

वर्गाचा मोबाइलवर ग्रुप होता. त्यावर ती पहाटे साडेपाचला सगळ्यांना राम कृष्ण हरी घालायची. दिवाळीनंतर त्या ग्रुपवर बाकी कुणीच काही बोलेनासं झालं. मग एका मुलीच्या मोबाइलवर मला दिसलं की वर्गाचा दुसरा एक ग्रुप आहे, त्यात वीस जणी आहेत, आणि तिथे दिवसभर धमाल चालू आहे. मी हे भाचीला सांगणार नव्हते, पण तिला ते आधीच कळलं होतं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. "आत्या, मी आईला सांगितलंय का मला वीस मैत्रिनी हायेत. तिला लई घोर लागलाय माझा. चैतात आमची यात्रा हाय. समद्यांना आवतण देते. एक जरी आली ना, तरी मी म्हनंन माझं हितं कुनीतरी हाय. आन् कुनीच न्हाई आलं, तर मी घरनं माघारी येत न्हाई. नर्सरीत रोपांचे ट्रे भरीन, पर हितं न्हाई." तोपर्यंत मी तिच्यावर हसत आले होते. त्या दिवशी हसू आलं नाही. ती बोलल्याप्रमाणे करणारी होती.

यात्रेच्या आधी ती प्रत्येकीकडे गेली, कपाळाला हळदकुंकू लावून आवतण दिलं. बैलगाड्यांची शर्यत आहे, मासवडीचं जेवण आहे, राहायची सोय आहे. सगळ्या म्हणाल्या, "हो हो, नक्की येऊ." अशा 'नक्की'चा अर्थ मला तोवर कळायला लागला होता. तिने मात्र घरी फोन करून वीस जणींची पानं मांडायचा निरोप दिला. मासवडी म्हणजे काय खटाटोप असतो ते आमच्याकडच्या बायकांना विचारा. बेसन घोटा, ओल्या फडक्यावर थापा, तीळखोबऱ्याचं सारण भरून वळा, कापा, वर झणझणीत रस्सा वेगळा. वीस जणींना म्हणजे घरातल्या तीन बायकांची पहाट त्यात गेली असणार.

आणि मी? यात्रेच्या आदल्या दिवशी वर्गातल्या मुलींनी मला पहिल्यांदाच विचारलं, उद्या आम्ही सगळ्या बाहेर खायला जातोय, येतेस का? वर्षभर मी या एका वाक्यासाठी झुरत होते. मी भाचीला सांगितलं, माझं जर्नल राहिलंय. ती म्हणाली, "आसूंदे, अभ्यास पयला," आणि एकटीच एसटीला गेली. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आठ-नऊ जणी टेबलाभोवती बसलो होतो. एकीचा मोबाइल वाजला. तिने नाव पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला. भाची म्हणाली, "अगं चला, ताटं वाढलीत. कुठवर आलात?" ती मुलगी "अय्या, आज होतं का?" म्हणाली आणि कसंबसं आटपून फोन ठेवला. लगेच शेजारचीचा वाजला. मग तिच्या पलीकडचीचा. ती एकेकीला शिस्तीत बोलावणं करत होती. दुसऱ्या-तिसऱ्या फोनपर्यंत टेबल हसत होतं, पाचव्यापासून कुणी हसेना, सातव्या मुलीने फोन उचललाच नाही. मी माझा मोबाइल पुढ्यात ठेवून बसले होते. आता माझा वाजेल, काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत होते. तो वाजलाच नाही. मग माझ्या लक्षात आलं की तो वाजणारच नाही. बोलावणं पाहुण्यांना करतात. घरच्या माणसाला करत नाहीत. घरच्या माणसाने आपण होऊन यायचं असतं.

मी उठले. मुलींना म्हटलं, "तुम्ही हो म्हणाला होता. पाहुणे जेवल्याशिवाय तिच्या घरचे जेवणार नाहीत." चेहरे पडले होते, पण कुणी उठलं नाही. मी नारायणगावची एसटी धरली, तिथून वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये मागे लटकल्यासारखी बसले, आणि निमगाव साव्याला पोचले तेव्हा उन्हं कलली होती, शर्यती संपून घाटातली, म्हणजे गाड्या पळतात त्या चढावरची, माणसं घरोघर परतत होती. ओसरीवर वीस पाटांची रांग तशीच होती. घरातलं कुणी जेवलं नव्हतं. भाचीने माझ्या मागे पाहिलं, रस्त्याच्या वळणापर्यंत पाहिलं, आणि विचारलं, "तू एकलीच?" मी मान हलवली. "जर्नल झालं का?" मी त्यालाही मान हलवली. ती पाणी आणायला म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही. एकजणसुद्धा आली नव्हती. मी आले होते, पण मी आत्या. तिच्या हिशेबात माझी गणना मैत्रिणींत नव्हतीच.

मला तिच्या आईने चुलीपाशी बसवून वाढलं. मासवडीचा पहिला तुकडा मोडला तसं त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांगा बाई. माझ्या पोरीला तिथं कोन न्हाई, व्हय?" मी म्हटलं, "असं कसं? मी आहे की." "तुमी हायेत वो," त्या म्हणाल्या. माझ्या वाटीत रस्सा ओतला आणि म्हणाल्या, "पर तुमाला तरी कोन हाय?" वर्षभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. रस्सा तिखट होता, त्याचं निमित्त करून मी पदर नसताना पदर शोधत डोळे पुसले आणि म्हणाले, "कुणी नाही, काकू. तुमची मुलगी सोडली तर कुणीच नाही. ती परत आली नाही तर मी तिथं कशी राहू, मला माहीत नाही." दाराच्या पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

सकाळी निघताना भाची माझ्याशी बोलली नाही. मी एकटीच फाट्यावर येऊन जीपमध्ये बसले. ड्रायव्हर माणसं भरायची वाट बघत होता. तेवढ्यात ती आली, पाठीवर बॅग, केस ओले, चालून चालून धापा टाकत. "सरक तिकडं," म्हणाली. जीप सुटली, गाव मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "मी काय माझ्यासाठी न्हाई येत. तू तिथं एकलीच की. तुला तशी सोडून मला घरी भाकर गोड लागंल व्हय?"

त्यानंतर वर्गात फार काही बदललं असं नाही. दोघी-तिघी ओशाळून माफी मागून गेल्या, पुढच्या वर्षी त्यांतली एकजण यात्रेला आलीही. पण आम्ही कुणाची वाट बघणं सोडून दिलं होतं, एवढं खरं. आता तिचं सासर पिंपरी पेंढारला आहे, तिथे तिने रोपवाटिका काढली आहे. मी पुण्यात नोकरी करते. महिन्या-दोन महिन्यांतून तिचा फोन येतो, ट्रे भरता भरता बोलते, आणि गिऱ्हाईक आलं की वाक्य अर्धवट टाकून फोन ठेवून देते. मी मात्र नंतर बराच वेळ फोन हातात धरून बसते. मला आता चारचौघांत बोलता येतं, ऑफिसात माणसं माझ्याशी चांगली वागतात, वाढदिवसाला केक आणतात. पण मी एकटी पडेन म्हणून आपली बॅग उचलून निघालेलं माणूस त्यानंतर मला कुणी भेटलेलं नाही.