दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली गाडी

मेडशीत भिवाजी खिल्लारेंच्या अंगणात एखादी गाडी मुक्कामी राहिली की सकाळपर्यंत तिचं तेलपाणी झालंच म्हणून समजा. मग ती पाहुण्याची जीप असो, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर असो, नाहीतर भांडी विकणाऱ्याचा टेम्पो. एसटीत ड्रायव्हर म्हणून उभी नोकरी काढलेला माणूस. गाडीला एक फेरी मारायची, टायर ठोकून बघायचे, बॉनेट उघडून जे कमी असेल ते भरायचं आणि मगच तोंडात चहा घ्यायचा, ही त्यांची रीत. कुणी सांगितलेलं नसे, कुणी विचारलेलं नसे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. कोण मेल्याशिवाय, हे मात्र म्हण सांगत नाही.

त्यांचा मुलगा उत्कर्ष पुण्यात नोकरीला होता. त्यानं एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतली, दोन दारांची, लाल, जमिनीला पोट टेकवून चालणारी, आणि आईबापाला दाखवायला थेट मेडशीला घेऊन आला. सारा मोहल्ला गोळा झाला. भिवाजींनी दार उघडून आत डोकावलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. क्लचच नव्हता. क्लच नसलेल्या गाडीत माणसानं डाव्या पायाचं काय लोणचं घालायचं, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. उत्कर्ष हसला. गिअरबॉक्स साधाच आहे, हातानं टाकायच्या गिअरचा, क्लचही आहे; फक्त पायाऐवजी एक पंप तेलाच्या दाबानं तो दाबतो आणि गिअरही तोच टाकतो, असं त्यानं समजावलं. तेवढ्यात त्यानं पुन्हा दार उघडलं, तर आतून बारीक गुणगुण आली आणि लगेच थांबली. चालक बसायच्या आधीच पंप दाब भरून ठेवतो, तो आवाज. विमलबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, ते फार आवडलं. लेकाला पाहून गाडी गाणं म्हणते, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भिवाजींनी रिवाजाप्रमाणे फेरी मारली. बॉनेटखाली एका छोट्या टाकीतलं तेल खुणेच्या जरा खाली होतं. आता तेलानं दाबायचा क्लच त्यांनी आयुष्यभर पाहिला होता. जीपला असतो, त्यात ब्रेक ऑइल पडतं. मग इथं दुसरं काय पडणार? त्यांनी फळीवरचा आपला ब्रेक ऑइलचा डबा आणला आणि टाकी काठोकाठ भरली. पोराच्या गाडीला आपलाही हात लागला, म्हणून मनातून खुशही झाले.

उत्कर्ष चार-पाच दिवस राहिला. बहिणीला, साक्षीला, त्यानं शिरपूर जैनला फिरवून आणलं, आईला मंगरूळपीरच्या बाजाराला नेलं. पण दाराची ती गुणगुण रोज लांबत चालली होती. भिवाजींच्या कानानं ते हेरलं, बोलले मात्र नाहीत. निघायच्या दिवशी पेट्रोल भरून गाडी फाटकातून आत आली, दुसऱ्या गिअरमध्ये आचका देऊन बंद पडली आणि पुढं ना मागं. पंप नुसता कण्हत राहिला. उत्कर्षनं बॉनेट उघडलं आणि सगळ्यांना जेवायला घरात पाठवलं. बराच वेळ एकटाच खुडबुड करत होता. मग हात पुसत बापाजवळ आला.

"बाबा, या जुन्या गाड्याइचे गिअरबॉक्स असेच असतेत. भरोसा नसते याइचा. कोनाचीच चूक नाई. मी अकोल्याहून एक पार्ट घेऊन येतो. चहा तुमीच ठेवा, आलोच."

शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन तो गेला. पातूरच्या घाटात पुढं चाललेल्या ट्रॉलीवर आदळला, आणि जागच्या जागी संपला. चुलीवरचा चहा आटून आटून पातेल्याला लागला होता.

दुःखाचे दिवस सरल्यावर भिवाजींनी एका गॅरेजवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, की असल्या गाडीत ब्रेक ऑइल पडलं तर काय होतं. तो म्हणाला, रबरी सील फुगतात, पंप मरतो. त्या दिवसापासून भिवाजी माणसात राहिले नाहीत.

त्यांनी गाडीची बॅटरी स्वतः काढून ठेवली. तरी गुणगुण थांबेना. फ्रिज सुरू झाला की ती यायची, बोअरची मोटर लागली की यायची, पिठाच्या गिरणीपुढून जाताना तर ते कानावर हात ठेवायचे. भर दुपारी अंगणात चिटपाखरू नसताना गाडीचं दार उघडल्याचा भास व्हायचा, मग तो आवाज, लांबतच जाणारा. आणि एक गोष्ट त्यांना जाळायची. तो ब्रेक ऑइलचा डबा फळीवरून नाहीसा झाला होता. उत्कर्ष गेला त्या दिवसापासून तो कुणाला दिसला नव्हता. भिवाजींनी घराचा कोपरान् कोपरा धुंडाळला. डबा कुठंतरी आहे आणि एक दिवस आपल्यापुढं उभा राहील, या भीतीनं ते झोपायचे आणि त्याच भीतीनं उठायचे.

विमलबाई गाडीला शिव्या घालायच्या. मेली मोडकी गाडी, माझं लेकरू खाल्लं तिनं, म्हणायच्या. येणारे-जाणारे मान डोलवायचे. जुन्या गाड्यांच्या त्या गिअरबॉक्सचा भरवसाच नसतो, हे गावात लहान पोरालाही पाठ झालं होतं. भिवाजीही मान डोलवायचे. तीन वर्षं डोलवली.

आता साक्षीचं लग्न ठरलं. मांडव अंगणातच घालायचा, तर मधोमध गाडी. दहा जणांनी धक्का मारला, ती तसूभर हलली नाही. उत्कर्षनं टाकलेला शेवटचा गिअर तिनं सोडला नव्हता, आणि पंपात जीव आल्याशिवाय सोडणारही नव्हती. साक्षीनं मालेगावहून हेमसिंग नावाच्या मिस्त्रीला बोलावलं. दादाच्या गाडीतूनच सासरी जाईन, असा तिचा हट्ट. फोनवर बोलताना तिनं आवाज मोठा ठेवला होता, म्हणून हेमसिंगचं बोलणं भिवाजींनी ऐकलं.

"ताई, हे गिअरबॉक्स फुकट बदनाम हायेत. तेल नीट ठेवलं तर लय चालतेत. उद्या येतो. टाकीचं झाकन उघडून वास घेतला का कोनाचा गुन्हा हाय ते समजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी बस्ता बांधायला वाशिमला गेल्या. हेमसिंग दुपारी येणार होता. भिवाजींनी ढोरांच्या इंजेक्शनची मोठी सिरिंज घेतली आणि चोरासारखे आपल्याच अंगणात उतरले. टाकीतलं तेल काढून टाकायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. पोरगं तर गेलं, निदान बायको-लेकीच्या नजरेतून तरी उतरू नये. बॉनेट उघडलं. टाकीचं झाकण फिरवून काढलं.

टाकी कोरडी होती. नुसती कोरडी नाही, आतून पुसलेली.

त्या दिवशी बॉनेटपाशी एकटा उत्कर्षच होता, हे त्यांना आठवलं. मग चावी घेऊन डिकीकडे गेले. स्टेपनीच्या खोबणीत उत्कर्षचा निळा शर्ट गुंडाळून ठेवला होता. भिवाजींनी तो उलगडला. आत त्यांचा ब्रेक ऑइलचा डबा होता, आणि त्याच्याशेजारी बूच घट्ट लावलेली पाण्याची बाटली. बाटलीत दोन तेलं एकमेकांत न मिसळता तीन वर्षं उभी होती. वर हिरवं, गाडीचं. खाली पिवळं, भिवाजींचं.

पोरानं झाकण उघडल्याबरोबर ओळखलं होतं. फळीवर जाऊन डबा शोधला होता, खातरी केली होती, टाकी पुसली होती आणि सगळं लपवून टाकलं होतं. त्यानंतरच तो हात पुसत बापाजवळ आला होता.

विमलबाई आणि साक्षी पिशव्या घेऊन आल्या, तेव्हा भिवाजी डिकीजवळ जमिनीवर बसलेले होते, मांडीवर शर्ट. हेमसिंगही त्यांच्या मागोमाग फाटकातून आला होता. साक्षी त्याला सांगत होती, की दादा म्हणायचा तेच खरं, या गिअरबॉक्सचा भरवसा नाही.

"गाडीले बोल लावू नको," भिवाजी म्हणाले. "गाडी चांगली होती. हे तेल म्या टाकलं. आन् त्याले मालूम होतं."

हेमसिंगनं बाटली उचलून उजेडात धरली, आणि हळूच परत ठेवली. साक्षी फाटकाला टेकून उभी राहिली. विमलबाई खाली बसल्या, नवऱ्याच्या मांडीवरचा शर्ट त्यांनी ओढून घेतला आणि नाकाशी धरला. त्याला फक्त तेलाचा वास येत होता. भिवाजी वाट पाहत होते. तीन वर्षं गाडीला मिळालेल्या साऱ्या शिव्या आता आपल्या, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

"समदं मालूम होतं त्याले," विमलबाई म्हणाल्या, "आन् तरी चहा तुमीच ठेवा म्हनून गेला."

तेव्हा कुठं भिवाजी रडले. मुलाला मूठमाती देतानाही रडले नव्हते.

हेमसिंगनं पंप बदलला, नवं हिरवं तेल भरलं, बॅटरी जोडली. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं भिवाजींना दार उघडायला सांगितलं. त्यांनी उघडलं. बारीक गुणगुण आली आणि लगेच थांबली. गाडीनं दुसरा गिअर सोडला आणि साक्षीच्या नुसत्या हातानं ती भिंतीकडे सरकली. मांडव उभा राहिला, लग्न नीट झालं, आणि साक्षी दादाच्या गाडीतूनच सासरी गेली.

परत आलेली गाडी आता भिंतीशी उभी असते. रोज सकाळी भिवाजी तिला फेरी मारतात, टायर ठोकतात. बॉनेटला मात्र हात लावत नाहीत. मग दार उघडतात, आवाज थांबेपर्यंत उभे राहतात, आणि आत जाऊन दोन माणसांच्या घरात तिघांचा चहा ठेवतात.