कॅम्पसवरच्या बंदुका आणि आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अमेरिकेतल्या कॉलेजात विद्यार्थ्यांनी पिस्तूल बाळगावं की नाही, हा प्रश्न दर शनिवारी अमेरिकेपासून एक समुद्र दूर, सिटीवेस्ट या उपनगरातल्या आमच्या सोफ्यावर चर्चेला घेतला जातो. अध्यक्षस्थानी वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आमचे शेजारी, औषधांच्या कारखान्यातले इंजिनिअर. पोह्यांची बशी मांडीवर, रिमोट हातात. टेक्सासमधल्या एका विद्यापीठातल्या या वादाची बातमी लागली की ते दोन्ही बाजूंची भाषणं नटासारखी करून दाखवतात. स्वतःचं मत विचारलं तर म्हणतात, "दोघंही ग्रँड बोलतात हो."

त्यांची मुलगी त्याच विद्यापीठात शिकते. तिचा फोन येतो का, असं माझ्या बायकोने एकदा विचारलं. "वहिनी, मी मेसेज केला की अंगठा पाठवते ना," ते म्हणाले आणि पोह्यांवर उगाच आणखी लिंबू पिळत बसले.

परवा थेट त्या विद्यापीठाच्या आवारातूनच वादविवाद दाखवत होते. बंदुकांच्या बाजूचा एक धिप्पाड गृहस्थ तावातावाने बोलत होता आणि त्याच्या मागून विद्यार्थी वर्गाला निघाले होते. आता झकास नक्कल पाहायला मिळणार, म्हणून मी सरसावून बसलो. पण यांनी आवाजच बंद केला. बशी खाली ठेवून ते टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसले आणि मागचा एकेक चेहरा निरखू लागले. तेवढ्यात निळ्या जॅकेटमधली एक मुलगी त्या गृहस्थाच्या आड गेली.

"सरका हो जरा बाजूला," ते त्याला चक्क मराठीत म्हणाले, "मागे माझी पोरगी असेल."