मागच्या कोपऱ्यातली दर्ज

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, ज्यांच्यासोबत चाळीस वर्षं सिमेंट-वाळूचा माल कालवला त्या सोबत्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी गवंडी आहे, वडनेर भोलजीचा. आता काम होत नाही, गुडघे बसू देत नाहीत. पण एके काळी नांदुऱ्यापासून मलकापूरपर्यंत लोक न्हाणीच्या कामाला मलाच बोलवायचे. न्हाणी दिसते तेवढी सोपी नसते. फरश्या कुणीही बसवील. खरं काम असतं ते दोन फरश्यांमधल्या फटीचं — आम्ही तिला दर्ज म्हणतो — आणि फरशी जिथं भिंतीला भिडते, त्या कोपऱ्याचं. आमच्याकडे तेव्हा भिंती मातीच्या. वरचा पाऊस त्या सोसायच्या, पण पायात मुरलेलं पाणी सोसायच्या नाहीत. दर्ज नीट बसली नाही तर वर्षभरात भिंत फुगायची.

दर्ज भरावी तर किसन मिस्त्रीनं, असं लोक म्हणायचे. अजून म्हणतात.

ते खरं नाही. म्हणजे — पुढं थोडंफार खरं झालं. सुरुवातीला नव्हतं.

माझी थोरली बहीण वेणू. मी तिला आक्का म्हणायचो. तिच्या नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन ती माहेरी परत आली. मूलबाळ नव्हतं. नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. भावाच्या घरी बसून खाणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून माझ्यासोबत कामावर यायला लागली. घमेलं वाहायची, वाळू चाळायची, माल कालवायची. बाया जे करतात ते. बाईनं गवंड्याची करणी हातात धरायची नाही असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण धरलेली मी पाहिली नव्हती. तुम्ही पाहिली होती?

नांदुऱ्याला एका वकिलाच्या घरी न्हाणीचं काम चालू होतं. घरचे सगळे लग्नाला गेले होते. सिमेंटनं माझी बोटं फुटली होती, दर्ज भरताना रक्त येत होतं. आक्का म्हणाली, तू सर जरा, मी पाहते. मी हसलो आणि सरलो.

तिनं घाई केली नाही, हे मला पहिल्यांदा दिसलं. मी फट वरवर झाडून माल दाबायचो. तिनं सळईनं फट तळापर्यंत उकरली, धूळ फुंकली, पाणी शिंपडलं आणि — थांबली. फरशीनं पाणी पिऊ दिलं. वरची चमक गेल्यावर मग माल घेतला, थोडा थोडा, आणि पत्र्याच्या पातळ पट्टीनं खाली ढकलत राहिली. फट भरली असं मला वाटायचं तेव्हा तिच्यात अजून दोन बोटं माल जायचा. मग पुन्हा थांबली. माल जरा आळला तशी तिनं जेवणाच्या डब्यातला जुना पितळी चमचा काढला, ओला केला, आणि त्याची पाठ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकदाच ओढली. मध्ये हात उचलला नाही. दोन्ही कडांवरून ओलं फडकं फिरवलं आणि वर ओलं पोतं टाकलं. सात दिवस ते पोतं तिनं सुकू दिलं नाही.

वकील परत आले. उकिडवे बसले, दर्जेवरून नख फिरवलं. नख कुठं अडकलं नाही. त्यांनी विचारलं, "कुणी भरलं हे?"

आक्का मागं विहिरीवर घमेली धूत होती.

"मीच, साहेब," मी म्हणालो.

संध्याकाळी घरी चालत येताना मी तिला ते सांगून टाकलं. गंमत म्हणून. ती रागावली नाही. "तुह्या नावानं थांबो का माह्या नावानं," ती म्हणाली, "पानी थांबलं ना?"

हा माझा गुन्हा नाही — निदान तुम्हाला जो सांगायचा आहे तो नाही. एवढंच असतं तर मी कुणाला सांगायला बसलो नसतो.

कामं वाढली. आमची एक रीत पडत गेली, कधी बोलून ठरवली नाही. मालक घरात नसेल तेव्हा आक्का दर्ज भरायची. कुणाची चाहूल लागली की चमचा डब्यात जायचा आणि करणी माझ्या हातात यायची. तीन वर्षं असं चाललं. तिचं काम कुठं गळलं नाही. माझं नाव झालं.

मग गावातल्याच एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरचं काम आलं. सगळे त्यांना बापूसाहेब म्हणायचे. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं आणि ते त्यांनी फार खटपटीनं आणलं होतं. एक पाटीही इकडं तिकडं जाऊ नये म्हणून न्हाणीच्या दारात खुर्ची टाकून ते स्वतः बसले. दिवसभर बसले.

आता दर्ज कोण भरणार? मीच. दुसरा इलाज नव्हता. तसा इलाज होता, बापूसाहेबांसमोरच आक्काला बसवायचं, पण तो मी आज सांगतोय. तेव्हा डोक्यातही आला नाही.

मी भरली. वरून छान दिसत होती. एवढ्या वर्षांत वरचं गुळगुळीत करणं पाहून पाहून आलं होतं. पण मागच्या कोपऱ्यात, जिथं पाण्याचा रांजण ठेवायचा होता, तिथं जागा अडचणीची होती आणि माझी कंबर भरून आली होती. तिथं मी फट उकरली नाही. वरच्या वर माल लावला आणि ओढून घेतला. दुपारी कुणीतरी आलं म्हणून बापूसाहेब पाव तास उठून गेले. मी हात धुवायला बाहेर गेलो. आक्का तेवढा वेळ आत माल कालवत होती. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

घरी येताना ती म्हणाली, "मांगच्या कोपऱ्यात तुही सळई खाली गेली नाही, किसना. उद्या सकाळीच उकर. ओलं हाये तवरच निंघते."

मी पाहतो म्हणालो. पाहिलं नाही. सकाळी बापूसाहेब खुर्ची टाकून बसलेलेच होते. त्यांच्यासमोर स्वतःचं काम उकरायचं कसं?

न्हाणीच्या भिंतीला लागून कोठीची खोली होती. तिथं पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा भरून ठेवल्या होत्या. दीडेक महिन्यानं त्यांनी खालची पोती हलवली, तर बुडाशी बुरशी. बियाणं गेलं. भिंतीचा पाया कणकेसारखा मऊ झालेला. मला बोलावणं आलं. आक्का सोबत होती, कारण तिथूनच पुढं दुसऱ्या कामावर जायचं होतं.

बापूसाहेब ओरडले नाहीत. त्यांनी मला खोलीत नेलं, भिंतीला बोट लावून दाखवलं. बोट आत गेलं. मग म्हणाले, "म्या सोता बसलो होतो इथं. मंग हे कसं झालं?"

किती वेळ गेला असेल? एक श्वास, दोन. गाव समोर होतं, पुढची कामं समोर होती, आणि तो पाव तास माझ्याजवळ तयार होता.

मी म्हणालो, तुम्ही दुपारी उठून गेलात आणि मी हात धुवायला गेलो, तेवढ्यात माझ्या बहिणीनं तो कोपरा भरला. मला न विचारता. मला नंतर कळलं.

त्यांनी बोटाची माती पुसली. मग ते दाराकडे वळले. आक्का अंगणात रिकामं घमेलं कमरेवर घेऊन उभी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.

"हा म्हनते ते खरं हाये का?" त्यांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. काही शोधत असावी तसं पाहिलं. मी खाली पाहत होतो, म्हणून किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही.

"हो," ती म्हणाली. "माह्या हातून राह्यलं."

बापूसाहेबांनी मला पुन्हा भरायला सांगितलं आणि तिला न्हाणीच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नको म्हणून बजावलं. मी छिन्नीनं कोपरा फोडला. वर नखाएवढा थर, खाली पोकळ. त्या दिवशी मी तळापर्यंत उकरलं, थांबलो, पाणी पिऊ दिलं, सगळं तिच्यासारखं केलं. म्हणजे मला येत होतं. तेव्हा ते मला समजलं. ती अंगणातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा ती शेतात निंदणाला जाणाऱ्या बायांसोबत आधीच गेली होती. पुन्हा माझ्या कामावर आली नाही. का येत नाहीस, असं मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. घरी आमचं बोलणं होतं तसंच राहिलं — मीठ संपलं, बैल विकला, अमक्याकडे लग्न आहे. गावात मात्र तिचं एक नाव पडलं. कुणाची घागर पाझरायला लागली की विहिरीवर बाया म्हणायच्या, वेणूबाईले बोलवा, ते भरून देते. ती पाणी ओढायची आणि घरी यायची.

हे भीतीनं झालं, असं म्हणता येईल. मी स्वतःशी बरीच वर्षं म्हटलं. पण जे पुढं झालं त्यात भीती कुठं होती?

पाच-सहा वर्षांनी पावसानं लागोपाठ दगा दिला आणि दुष्काळी कामं निघाली. आमच्याकडे रस्ता आणि एका नाल्यावर छोटा दगडी पूल. मी पुलावर गवंडी म्हणून लागलो. आक्का रस्त्यावर खडी फोडायला. बाया ओळीनं उन्हात बसायच्या, डोक्यावर पदर, पुढं दगड, हातात हातोडी.

पुलाचा ओव्हरसिअर बाहेरचा होता, तरुण होता. दगडांमधल्या फटी भरायला त्याला माणसं कमी पडत होती. विहिरीवरची ती थट्टा त्याच्याही कानावर गेली होती. एक दिवस तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लोक हसतात ते जाऊ द्या. तुमच्या बहिणीला हे काम खरंच येतं का, एवढं सांगा. येत असेल तर उद्यापासून इथं बसवतो. बाई असली तरी मला चालतं."

कुणी रागावलेलं नव्हतं. माझं काही जाणार नव्हतं. पुलाखाली सावली होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

पण ती माझ्या शेजारी बसून भरायला लागली असती, तर चार दिवसांत सगळ्यांना दिसलं असतं, कुणाचा हात कसा आहे ते. मग बापूसाहेबांचा कोपराही कुणाला तरी आठवला असता. हे सगळं माझ्या डोक्यात नीट, सावकाश आलं. मी विचार करून उत्तर दिलं.

"नाही साहेब," मी म्हणालो. "तिले नाही येत. तिनं नुसतं घमेलं वाह्यलं."

तो बरं म्हणून गेला. आक्का वीस-पंचवीस पावलांवर होती. तिला ऐकू गेलं का? तिची हातोडी थांबली का? मी वळून पाहिलं नाही.

त्याच उन्हाळ्यात खडीची एक कपची तिच्या डाव्या डोळ्यात उडाली. बुलढाण्याला नेलं, पण डोळा राहिला नाही. पुढची तेवीस वर्षं ती माझ्या घरी एका डोळ्यानं जगली. माझी मुलं तिनं सांभाळली. सुईत दोरा ओवायचा असला की ती माझ्याकडे यायची. मी ओवून द्यायचो. ती दोरा घेऊन जायची. त्या तेवीस वर्षांत तिनं तो विषय एकदाही काढला नाही. मी काढू शकलो असतो. रोज.

ती गेली तेव्हा तेरवीला गाव जमलं. माणसं चांगलं बोलली. कष्टाची होती म्हणाली, कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती म्हणाली. मग एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं, भाऊ म्हणून तू दोन शब्द बोल.

मी उठलो. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, आक्का होती म्हणून मी मिस्त्री झालो. तिनं मला कधी घमेलं कमी पडू दिलं नाही.

बायांनी पदरानं डोळे पुसले. मीही उपरण्यानं पुसले. मग पंगत बसली.